सरहिंद आणि संघोल : फतेहगढ साहिब जिल्ह्याचा ऐतिहासिक परिचय

पंजाब राज्यातील फतेहगढ साहिब हा जिल्हा १३ एप्रिल १९९२ रोजी, वैशाखीच्या दिवशी अस्तित्वात आला. क्षेत्रफळाने तो लहान आहे. फतेहगढ साहिब, बस्सी पठाणा, अमलोह आणि खमाणों हे त्याचे चार तालुके. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या सहा लाखांच्या किंचित वर असून तीत शिखांचे प्रमाण सुमारे ७१ टक्के, हिंदूंचे सुमारे २५ टक्के आणि मुसलमानांचे तीन टक्क्यांहून कमी आहे. दहापैकी नऊ माणसे पंजाबी ही आपली मातृभाषा म्हणून सांगतात. अनुसूचित जातींची लोकसंख्या एकतृतीयांशाला जाऊन भिडते. या आकड्यांवरून हा पंजाबातील इतर कोणत्याही जिल्ह्यासारखा एक शीखबहुल, शेतीप्रधान जिल्हा आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु याच जिल्ह्याच्या खमाणों तालुक्यात संघोल नावाचे एक उंच टेकाडावर वसलेले गाव आहे, आणि त्या गावामुळे भारतीय बौद्ध धम्माच्या इतिहासाचा कोणताही अभ्यासक या जिल्ह्यास वगळून पुढे जाऊ शकत नाही. सरहिंदचा शीख इतिहास आणि संघोलचा बौद्ध इतिहास यांचा विचार बहुधा वेगवेगळा केला जातो. शीख इतिहासकार संघोलकडे वळत नाहीत, आणि आपल्याकडील लेखक संघोलच्या पाषाणांचे वर्णन करून थांबतात, त्या पाषाणांभोवती आज राहणारी माणसे कोण आहेत हे पाहत नाहीत. प्रस्तुत लेखात दोन्ही एकत्र पाहण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम पालि साहित्याच्या भूगोलात या प्रदेशाचे स्थान कोणते होते ते पाहू. विनयपिटकाच्या महावग्गात मध्यदेशाच्या, म्हणजे मज्झिमदेसाच्या, सीमा सांगितल्या आहेत. पश्चिमेस थूण नावाचे ब्राह्मणगाम ही त्याची मर्यादा असून त्यापलीकडील सर्व मुलूख पच्चन्तिम जनपद, अर्थात सरहद्दीचा प्रदेश समजावा, असे तेथे म्हटले आहे. थूण म्हणजे आजचे हरियाणातील ठाणेसर असावे असे काही विद्वानांचे मत आहे. ते स्वीकारले, तर ठाणेसरच्या वायव्येस असलेला हा जिल्हा मज्झिमदेसाच्या अगदी उंबरठ्याबाहेर पडतो. बुद्धांनी कुरु जनपदात विहार केल्याचे निकायांत उल्लेख आहेत. कम्मासधम्म आणि थुल्लकोट्ठित ही तेथील गावे पालि वाचकांस परिचित आहेत. परंतु कुरूंच्या पलीकडे सतलजच्या दिशेने निकायांचा भूगोल अंधुक होत जातो. मिलिन्दपञ्हात हिमालयातून निघणाऱ्या ज्या दहा प्रमुख नद्यांची गणना आहे, तीत सिन्धु, वीतंसा (झेलम) आणि चन्दभागा (चिनाब) आहेत, पण सतलज नाही. ग्रंथाची पार्श्वभूमीच सागल, म्हणजे सियालकोट हे पंजाबातील नगर असताना ही अनुपस्थिती ध्यानात राहते.

पच्चन्तिम जनपद हा शब्द हीनतादर्शक मात्र नाही. अवन्तीच्या सोण कुटिकण्णाच्या कथेच्या अनुषंगाने विनयात अशा प्रदेशांसाठी सवलती दिल्या आहेत. मध्यदेशात उपसंपदेला दहा भिक्षूंचा गण लागतो. सरहद्दीच्या जनपदात विनयधरासह पाच भिक्षू पुरतात. कारण तेथे दहा भिक्षू जमविणे कठीण होते. उपासक होते, श्रद्धा होती, भिक्षूंची संख्या मात्र अपुरी होती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण बाराशे वर्षांनंतर एक चिनी भिक्षू याच भागाबद्दल जवळजवळ हेच लिहून ठेवतो.

संघोल हे गाव चंदीगडहून लुधियानाकडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. पंचक्रोशीत त्याला ‘उच्चा पिंड’, म्हणजे उंचावरचे गाव, म्हणतात. मराठी माणसाला त्याचे स्वरूप चटकन कळेल, कारण आपल्या खेड्यांतून ज्याला पांढर किंवा पांढरीचे टेकाड म्हणतात तेच हे. शेकडो पिढ्यांनी घरे बांधली, ती पडली, त्यांवर पुन्हा बांधली, आणि त्या मातीची ही टेकडी झाली. स्थानिक लोककथा या गावाचा संबंध रूप-बसंत या दोन राजपुत्रांच्या कथेशी जोडते. संघोल हे नाव ‘संघ’ शब्दापासून आले असावे, असेही सांगितले जाते. ध्वनिसाम्य मोहक आहे हे खरे, परंतु मधली रूपे दाखविणारा शिलालेख अथवा मुद्रा पुढे येत नाही तोवर भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यावर भार टाकू नये. संघोलचे बौद्धत्व सिद्ध करण्यास त्या व्युत्पत्तीची गरजही नाही.

पंजाब शासनाच्या पुरातत्त्व विभागाने येथे १९६८ मध्ये पद्धतशीर उत्खनन आरंभले. पुढे १९८५ नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानेही त्यात भाग घेतला. जुने अहवाल वाचणाऱ्याने एक खबरदारी घ्यावी : त्यांत संघोल लुधियाना जिल्ह्यात दाखविलेले आढळेल, कारण खमाणोंचा भाग पूर्वी त्या जिल्ह्यात होता. टेकाडाच्या तळाशी उत्तर हडप्पा काळातील वस्तीचे अवशेष मिळाले, आणि त्यावर एकामागून एक थर येत गेले. इंडो-ग्रीक, शक, पहलव आणि कुषाण राजांची नाणी सापडली. तोरमाण आणि मिहिरकुल या हूण राजांशी संबंधित नाणी व मुद्राही सापडल्या. वायव्येकडून गंगेच्या खोऱ्यात उतरणारी प्रत्येक सत्ता आणि प्रत्येक व्यापारी तांडा या पट्ट्यातून गेला आहे. उत्तरापथ म्हणून प्राचीन साहित्यास ठाऊक असलेला महामार्ग हाच, शेरशहाच्या आणि मुघलांच्या काळातील शाही सडकही हीच, आणि आजचा अमृतसर-दिल्ली महामार्ग व लोहमार्गही जवळपास त्याच रेषेने जातो.

उत्खननात पहिला मोठा लाभ झाला तो विटांनी बांधलेल्या स्तूपाचा. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. एकात एक अशी विटांची वर्तुळे आणि त्यांना जोडणाऱ्या आऱ्यांच्या भिंती, असा त्याचा तलविन्यास असल्याने वरून पाहता तो धर्मचक्रासारखा दिसतो. अशा आऱ्यांच्या रचनेचा स्थापत्यदृष्ट्या उपयोग उघड आहे. मधली माती दाबून भरली की भार समान वाटला जातो आणि विटाही कमी लागतात. चक्राचे प्रतीक मनात धरून बांधकाम झाले की बांधकामाच्या सोयीतून चक्र निर्माण झाले, हा प्रश्न मला तरी गौण वाटतो. धम्म जाणणाऱ्या गवंड्याला दोन्ही एकाच वेळी सुचले असणे अशक्य नाही.

या स्तूपातून धातुकरंडकाचे एक झाकण मिळाले आणि त्यावर खरोष्ठी लिपीत दोन शब्द कोरलेले होते : ‘उपासकस अयभद्रस’. लिपीच्या वळणावरून हा लेख इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. अर्थ सरळ आहे : ‘उपासक अयभद्र याचे’. पालित हे शब्द ‘उपासकस्स अय्यभद्दस्स’ असे लिहिले गेले असते आणि संस्कृतात ‘उपासकस्य आर्यभद्रस्य’. खरोष्ठीत जोडव्यंजनातील द्वित्त दाखविण्याची पद्धत नसल्याने षष्ठीचा ‘-स्स’ प्रत्यय ‘-स’ असा दिसतो. ‘भद्र’ मधील रकार मात्र टिकून आहे. पालिने तो टाकून ‘भद्द’ केले. गांधारच्या बोलीने तो जपला. दोन शब्दांच्या या लेखावरून इतके सांगता येते की, सतलजच्या या बाजूला, जेथे ब्राह्मीचे राज्य सुरू व्हावे, तेथवर गांधारची लिपी आणि गांधारची बोली पोहोचली होती, आणि ती लिहविणारा माणूस राजा नव्हता, क्षत्रप नव्हता, भिक्षूही नव्हता. तो एक गृहस्थ उपासक होता. त्याने आपल्या पित्याचे नाव दिलेले नाही, गावाचे नाव दिलेले नाही, आपला व्यवसायही सांगितलेला नाही. ‘उपासक’ एवढीच ओळख त्याला पुरेशी वाटली.

संघोलचे नाव जगभर झाले ते मात्र १९८५ च्या फेब्रुवारीत. स्तूपाच्या परिसरात खोदकाम चालू असताना एका खड्ड्यात मथुरेच्या ठिपकेदार तांबड्या वालुकाश्माचे कोरीव पाषाण आढळले. त्यांची संख्या ११७ भरली : ६९ स्तंभ, ३५ आडव्या सूची आणि १३ उष्णीष, म्हणजे कठड्याच्या माथ्यावरील शिळा. हे सर्व स्तूपाभोवतीच्या वेदिकेचे भाग होते. स्तंभांवर वृक्षाची फांदी धरून उभ्या असलेल्या शालभंजिका आहेत, दर्पणात पाहणाऱ्या, शृंगार करणाऱ्या, बुटक्या यक्षांच्या पाठीवर पाय रोवून उभ्या असलेल्या स्त्रिया आहेत. शैली कुषाणकालीन मथुरेची, म्हणजे इ.स. पहिल्या-दुसऱ्या शतकांची. मथुरा येथून चारशे किलोमीटरच्या आसपास अंतरावर आहे. एवढा दगड, कोरलेला असो वा कोरावयाचा, बैलगाड्यांनी येथवर आणवणारा आणि त्याची किंमत मोजणारा उपासकवर्ग संघोलला होता, हेच या शोधाचे पहिले तात्पर्य. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात या शिल्पांचे प्रदर्शन भरले, आणि १९९० मध्ये संघोल येथेच संग्रहालय उभे राहिले.

आता वादाच्या मुद्द्याकडे वळतो. हे पाषाण इतस्ततः पडलेले नव्हते. वेदिका सुटी करून तिचे भाग एकावर एक रचून ठेवलेले होते. हे कोणी केले आणि का? लोकप्रिय लेखनातून याचे उत्तर फार झटपट दिले जाते : हूण आले, मिहिरकुलाने स्तूप फोडला, भिक्षूंनी मूर्ती पुरून पळ काढला. संघोलला हूणांच्या मुद्रा सापडल्या असल्याने हे उत्तर पुराव्यासह आल्यासारखेही वाटते. परंतु मुद्रा आणि नाणे यांवरून त्या राजाची सत्ता किंवा त्याचे चलन तेथे होते एवढेच कळते, त्याने काय फोडले हे कळत नाही. दुसरे असे की, विध्वंस करणारा मनुष्य दगड रचून ठेवीत नाही, आणि जो घाईने पळतो त्याला सत्तर-सत्तर स्तंभ खोबणीतून उपसून, वाहून, व्यवस्थित मांडण्यास सवड मिळत नाही. ज्याने हे केले त्याच्यापाशी माणसे होती, वेळ होता आणि त्या पाषाणांविषयी ममत्व होते. संकटाची चाहूल आधीच लागली असेल. किंवा स्तूप जीर्ण झाल्यावर, नवी वेदिका उभारण्याची आशा धरून, जुनी जपून ठेवली असेल. मिहिरकुलाने गांधार-काश्मीरकडे बौद्धांवर अत्याचार केल्याची परंपरा युआन च्वांगने नोंदविली आहे, ती मी नाकारीत नाही. ती येथे आणून चिकटविण्यास आधार नाही, एवढेच म्हणणे आहे. आपल्या वारशाचा नाश कोणी केला याची यादी करण्याची घाई इतिहासाला नेहमीच घातक ठरलेली आहे, आणि हे लिहिताना मला आपल्याच वर्तुळातील काही अलीकडील लेखन डोळ्यांसमोर आहे.

युआन च्वांग सातव्या शतकाच्या चौथ्या दशकात कुलूतहून (कुलू) दक्षिणेस उतरून ‘शे-तो-तु-लु’ नावाच्या देशात आला. हे शतद्रूचे चिनी रूप आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम याने १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्राचीन भूगोलाच्या ग्रंथात या देशाची राजधानी म्हणजे सरहिंद होय असे मत मांडले. संघोलच्या उत्खननानंतर ते स्थान संघोलला द्यावे असे म्हणणारे अभ्यासक पुढे आले. गंमत अशी की, दोन्ही ठिकाणे आता एकाच जिल्ह्यात आहेत, त्यामुळे जिल्ह्याच्या दृष्टीने निकाल काहीही लागला तरी हरकत नाही! यात्रेकरूने दिलेली अंतरे मोजून या प्रश्नाचा निर्णय होईल असे वाटत नाही. मात्र सरहिंदला त्या काळाचे मोठे बौद्ध अवशेष पुढे आलेले नाहीत आणि संघोलला ते आहेत, म्हणून पारडे संघोलकडे झुकते असे माझे मत आहे.

त्याने काय पाहिले ते अधिक महत्त्वाचे आहे. येथील लोक बुद्धाच्या धम्मावर मनापासून श्रद्धा ठेवणारे आहेत असे तो सांगतो. नगरात व आसपास दहा संघाराम आहेत, पण ते ओस पडलेले असून भिक्षू अगदी थोडे आहेत. नगराच्या आग्नेयेस काही ली अंतरावर अशोकाने बांधविलेला सुमारे दोनशे फूट उंचीचा स्तूप आहे. उपासकांची श्रद्धा शाबूत आहे आणि संघाराम रिकामे आहेत, हे वर्णन वाचताना विनयातील पच्चन्तिम जनपदाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बौद्ध धम्म या भागातून एखाद्या दिवशी हाकलला गेला नाही. भिक्षुसंघ आधी विरळ झाला, आणि ज्यांना शील देणारे, उपोसथाला बोलावणारे, मुलांना शिकविणारे कोणी उरले नाही ते उपासक पुढील काही शतकांत दुसऱ्या परंपरांत विलीन झाले, असा क्रम मला अधिक संभवनीय वाटतो. अयभद्राचे वंशज पंजाबातच असणार. कोणत्या नावाने, हे सांगता येत नाही.

यानंतरच्या मध्ययुगाचा आढावा थोडक्यात घेतो. संघोल मागे पडले आणि सरहिंद पुढे आले. दिल्ली आणि लाहोर यांच्या मधोमध असलेले हे नगर ज्याच्या हाती त्याला दिल्लीचा दरवाजा उघडा, असा हिशोब होता. १५५५ मध्ये हुमायूनने सिकंदर सूरचा येथेच पराभव करून गेलेले राज्य परत मिळविले. मुघल काळात सरहिंद वैभवाला चढले. आम खास बाग हे उद्यान व सराई त्या काळाची खूण आहे. नक्शबंदी सूफी परंपरेतील प्रख्यात शेख अहमद सरहिंदी (१५६४–१६२४) येथलेच, आणि रौझा शरीफ या नावाने ओळखली जाणारी त्यांची दर्गा आजही दूरदूरच्या, देशाबाहेरच्याही यात्रेकरूंना आणते. जैनांचे चक्रेश्वरी देवीचे स्थान येथे आहे. सधना कसायाच्या नावाची एक जुनी मशीदही सरहिंदला आहे. हा सधना म्हणजे आपल्या संतपरंपरेतील सजन कसाई. त्याचे एक पद गुरु ग्रंथ साहिबात समाविष्ट आहे, जसा नामदेवांच्या पदांचा मोठा संच तेथे आहे. पंढरपूरचा शिंपी आणि मांस विकणारा कसाई यांना एकाच ग्रंथात गुरूंच्या वाणीशेजारी स्थान मिळाले, ही गोष्ट जातिव्यवस्थेचा विचार करणाऱ्याने नजरेआड करू नये.

जिल्ह्याला त्याचे नाव देणारी घटना डिसेंबर १७०४ मधील आहे (काही अभ्यासक गणनेने १७०५ मानतात). आनंदपूर सोडल्यानंतर गुरु गोविंदसिंगांच्या कुटुंबाची ताटातूट झाली. थोरले दोन पुत्र चमकौर येथे लढताना मरण पावले. धाकटे जोरावरसिंग आणि फतेहसिंग, वय वर्षे नऊ व सात च्या आतबाहेर, आजी माता गुजरी यांच्यासह सरहिंदचा फौजदार वजीरखान याच्या हाती लागले. धर्मांतरास नकार दिल्यावरून दोघा मुलांना मारण्यात आले; भिंतीत चिणण्याची शिक्षा दिली अशी परंपरा आहे. आजीचा अंत त्याच वेळी ‘ठंडा बुर्ज’ या थंडगार बुरुजात झाला. मालेरकोटल्याचा नवाब शेर मुहम्मदखान याने दरबारात या शिक्षेला विरोध केला, हे शीख समाज आजवर विसरलेला नाही. १९४७ च्या फाळणीत चहूकडे कत्तली चालू असताना मालेरकोटला शांत राहिले, त्याचे कारण तेथील लोक हेच सांगतात. मुलांना बुरुजात दूध पोहोचविणारा मोतीराम मेहरा, आणि अंत्यसंस्कारासाठी सोन्याची नाणी अंथरून जमीन विकत घेणारा दिवाण टोडरमल, ही नावेही परंपरेने जपली आहेत. टोडरमल जैन होता असे जैन सांगतात. फतेहगढ साहिब आणि ज्योती सरूप हे दोन गुरुद्वारे या स्थानांवर उभे आहेत.

येथून इतिहासाचा धागा गोदावरीकाठी येतो. १७०८ मध्ये नांदेड येथे गुरु गोविंदसिंगांची माधोदास नावाच्या बैराग्याशी भेट झाली. तोच पुढे बंदासिंग बहादूर झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात गुरूंचे नांदेडला निर्वाण झाले. त्यांच्यावर वार करणारे पठाण वजीरखानाने धाडलेले होते असे शीख परंपरा मानते. बंदाने पंजाबात परतून मे १७१० मध्ये छप्पर चिरीच्या लढाईत वजीरखानाला ठार केले आणि सरहिंद जिंकले. गुरूंच्या नावाने नाणे पाडले. जमीनदारांचे वर्चस्व मोडून कसणाऱ्यांना जमिनीचे धनी केले, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. त्याच्या सैन्यात खालच्या मानलेल्या जातींचे लोक मोठ्या संख्येने होते, याची तक्रार तत्कालीन फारसी लेखकांनी तुच्छतेने नोंदविली आहे. अशा तक्रारी इतिहासकारास स्तुतीपेक्षा अधिक उपयोगी पडतात. १७१६ मध्ये दिल्लीत बंदाला हाल करून मारण्यात आले.

सरहिंदची कहाणी तेथे संपत नाही. १७४८ च्या मार्चमध्ये जवळच्या मनुपूर येथे मुघलांनी अहमदशहा अब्दालीला मागे रेटले, तरी पुढे सरहिंद अब्दालीच्याच हाती गेले. मार्च १७५८ मध्ये राघोबादादांच्या फौजा येथे पोहोचल्या. अदीना बेग आणि शीख जथे त्यांच्यासोबत होते. अब्दालीचा सुभेदार अब्दुस्समदखान पकडला गेला आणि मराठे पुढे लाहोरला गेले. अटकेच्या स्वारीचा आपल्याकडे एवढा गौरव होतो, पण सरहिंदच्या लुटीत मराठे आणि शीख यांच्यात वाट्यावरून तंटा झाला, हे फारसे सांगितले जात नाही. १७६४ च्या जानेवारीत शिखांनी जैनखानाचा वध करून नगर कायमचे घेतले आणि उद्ध्वस्त केले. पुढे ते पटियाळ्याच्या आला सिंगांकडे गेले. शापित ठरलेल्या या ‘गुरुमारी’ नगरातील वीट उचलून नदीत टाकणे हे श्रद्धाळू शीख पुण्यकर्म मानीत, अशी नोंद कनिंगहॅमच्या काळची आहे. तरीही शेख अहमदांची दर्गा उभी राहिली. सूडाच्या भरातही कोठे थांबावे, हे कोणी तरी ठरविले असले पाहिजे.

संस्थानी काळात हा मुलूख मुख्यतः पटियाळा आणि नाभा या राज्यांत विभागलेला होता. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या पेप्सू संघराज्यात फतेहगढ साहिब नावाचा एक जिल्हा काही वर्षे होता. तो १९५३ च्या पुनर्रचनेत मोडला. १९९२ चा जिल्हा म्हणूनच अगदी नवा म्हणता येत नाही. आज येथे गहू आणि भात ही पिके आहेत. मंडी गोविंदगड येथे भंगार लोखंड वितळवून सळया-पट्ट्या ओढणाऱ्या रोलिंग मिल्स आहेत, आणि त्यांच्या धुराबद्दलच्या तक्रारीही. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या अवघी ८७१ होती. ज्या भूमीत शालभंजिका कोरलेले स्तंभ निघाले आणि जेथे माता गुजरींचे स्मरण होते, तेथील हा आकडा आहे.

दरवर्षी डिसेंबराच्या अखेरीस, पौषाच्या थंडीत, येथे शहीदी जोडमेळा भरतो. लाखो लोक येतात. रस्त्यांवर गावोगावच्या लोकांनी उघडलेले लंगर असतात, आणि त्या दिवसांत अनेक घरांतून शुभकार्ये टाळली जातात, काही लोक जमिनीवर झोपतात. २०२२ पासून केंद्र शासनही २६ डिसेंबर हा ‘वीर बाल दिवस’ म्हणून पाळते. शासन असो वा नसो, ही स्मृती टिकविली ती संगतीने. शीख परंपरेत भिक्षुसंघासारखा वेगळा वर्ग नाही. गृहस्थच पाठ करतो, गृहस्थच पंगतीला वाढतो, आणि संस्था चालवितो तोही गृहस्थच. ओस पडलेल्या दहा संघारामांची नोंद वाचून झाल्यावर या मेळ्याकडे पाहिले, की शतद्रू देशातील श्रद्धावान उपासकांजवळ नेमके काय नव्हते याचा अंदाज येऊ लागतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये अमृतसर येथे शीख परिषदेला हजेरी लावली होती आणि त्या काळात शीख धर्माचा पर्याय त्यांच्या गंभीर विचाराधीन होता. मुंबईचे खालसा महाविद्यालय त्याच संबंधांतून १९३७ मध्ये उभे राहिले. तो पर्याय त्यांनी का सोडला याची चर्चा पुष्कळ झाली आहे. एवढेच नोंदवितो की पंजाबातील दलित शिखांची गावातील स्थिती हा तेव्हाही प्रश्न होता आणि आजही आहे. अनुसूचित जातींचे प्रमाण पंजाबात देशातील सर्व राज्यांपेक्षा अधिक, सुमारे ३२ टक्के आहे, आणि या जिल्ह्यातही तेवढेच. याउलट संपूर्ण राज्यात बौद्ध म्हणून नोंदविलेली संख्या २०११ मध्ये ३३ हजारांच्या आसपास होती, आणि तीही बहुतेक जालंधरच्या बाजूला. फतेहगढ साहिब जिल्ह्यात ती नावापुरतीच.

म्हणून संघोलच्या स्तूपापाशी वंदना करण्यास येणारे असतात ते बाहेरून आलेले. रोजची देखरेख पुरातत्त्व खात्याचे कर्मचारी करतात, आणि भोवतालच्या शेतांत राबणारे शीख शेतकरी या जागेला आपल्या गावाचा मान समजतात. स्तूपाच्या विटा उघड्या आहेत. पंजाबच्या पावसाळ्याचा आणि दंवाचा मारा त्यांना सोसावा लागतो. टेकाडाच्या माथ्यावर आजचे गाव नांदते आहे, आणि त्या घरांखालचे थर अजून खणलेले नाहीत. तेथील एखाद्या घराचा पाया खोदताना कुदळीला कुषाणकालीन वीट लागते, तेव्हा ती हातात घेणारा माणूस बहुधा पगडीधारी असतो, आणि ती वीट संग्रहालयात नेऊन द्यावी की पायात चिणावी हे तोच ठरवितो.